किती जणांपैकी किती?

प्रति,
मा. संचालक,
तंत्रशिक्षण संचालनालय,
पर्वरी, गोवा

विषय: प्रवेशाच्या प्रॉस्पेक्टसमध्ये आणखी एक पान घालण्याबाबत

महोदय,

मी डिचोलीचा. पणजीला आल्तिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा केला आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तुमच्या खात्याशी माझा संबंध तीनदा आला: स्वतःच्या प्रवेशाच्या वेळी, थोरल्या मुलाच्या वेळी आणि आता धाकटीच्या वेळी. हे पत्र तक्रारीचं नाही. म्हणजे तक्रार आहे, पण तुमच्याविरुद्ध नाही. तुमच्याकडे फक्त एक पान मागायचं आहे.

मागच्या एका रविवारी आम्ही सोप्यावर कॉलेजांची पत्रकं मांडून बसलो होतो. गोव्यातली, बेळगावची, पुण्याची. गुळगुळीत कागद, प्रत्येकावर टाय लावलेली हसरी मुलं, कोपऱ्यात पिवळ्या गोलात सर्वोच्च पॅकेजचा आकडा. धाकटी यंदा बारावी झाली. ती पेन्सिल घेऊन बसली होती. एका पत्रकावरच्या ‘९२ टक्के प्लेसमेंट’खाली तिनं रेघ मारली आणि विचारलं, “बाबा, किती जणांपैकी किती?”

मला उत्तर देता येईना. वाईट याचं वाटलं, की सहा वर्षांपूर्वी तिच्या दादाच्या वेळी हा प्रश्न मला सुचलाही नव्हता.

दादाला तेव्हा गोव्यातच एका खासगी कॉलेजात मेकॅनिकल मिळत होतं. जायला-यायला कदंबाची बस, संध्याकाळी घरचं जेवण. त्याच आठवड्यात घाटावरच्या एका बड्या कॉलेजातही जागा लागली. त्याचं नाव इथं घेत नाही, कारण जे तिथं झालं ते कुठंही होतं. आम्ही बघायला गेलो. गेटच एवढं मोठं की आमच्या कंपनीचा कंटेनर वळून आत जाईल. प्लेसमेंट ऑफिसरनं एसी खोलीत बसवून दहा मिनिटांची फिल्म दाखवली, चहा दिला. मी विचारलं, “मेकॅनिकलचं काय?” तो म्हणाला, “सर, तुम्ही ओव्हरऑल बघा.” आम्ही ओव्हरऑल बघितलं. परतताना चोर्ल्याच्या घाटात मेव्हण्यानं निकाल दिला, “नाव पाहा, भावोजी. नाव जन्मभर राहतं.” बायको गप्प होती. तिला गोव्यातलंच हवं होतं, हे मला ठाऊक होतं. बँकेचं कर्ज काढलं.

पोरगा चार वर्षांत नीट पास झाला, एकही विषय न राहता. नंतर अकरा महिने घरी बसला. शेवटी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लागला, तोही माझ्याबरोबर डिप्लोमा केलेल्या एका मित्रानं फोन केला म्हणून. म्हणजे लाखांचं नाव विकत घेतलं आणि कामाला आली ती आल्तिनोच्या वर्गातली जुनी ओळख.

धाकटीच्या प्रश्नानंतर आम्ही एक वही केली. दादाच्या वर्गात ५८ मुलं होती. पदवीनंतर एका वर्षानं कोण कुठं होतं, ते तिनं आणि दादानं फोन करकरून लिहून काढलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच, पण ग्रुपवर कोणी खरं सांगत नाही, एकेकट्याला विचारावं लागतं. ४४ जणांचा पत्ता लागला. १५ सॉफ्टवेअर कंपन्यांत, मेकॅनिकलशी काही संबंध नसलेल्या कामाला. ९ आपल्या विषयात. माझा पोरगा त्यातला एक. ६ पुढं शिकायला गेलेले, ५ सरकारी परीक्षांची तयारी करणारे, ४ घरच्या धंद्यात, ५ अजून शोधात. १४ नावांपुढं काहीच नाही. त्या वर्षी कॉलेजच्या संकेतस्थळावर प्लेसमेंट नव्वद टक्क्यांच्या वर होतं.

कॉलेज खोटं बोललं असं मी म्हणत नाही. हिशेब असाही होतो. समजा वर्गात ६० मुलं आहेत. ज्यांचे विषय राहिले किंवा टक्के कमी पडले ते प्लेसमेंटला पात्रच नाहीत, म्हणून उरली ४०. त्यातल्या काहींनी पुढं शिकायचं म्हणून नाव नोंदवलं नाही, राहिली ३०. त्यांतल्या २७ जणांना नोकरी लागली. ३० पैकी २७ म्हणजे ९० टक्के. ६० पैकी २७ म्हणजे ४५ टक्के. दोन्ही आकडे खरे, पण पत्रकावर कुठला येणार हे सांगायला नको. त्यातल्या चौघापाचांना दोन-दोन ऑफर मिळाल्या आणि कॉलेजनं माणसांऐवजी ऑफर मोजल्या, तर शंभराच्याही पलीकडं जाता येतं.

पगाराचंही तसंच. या २७ पैकी २६ जणांना साडेतीन लाखांचं पॅकेज आणि एकाला २४ लाखांचं मिळालं, तर सरासरी निघते सव्वाचार लाखांच्या वर. पत्रकावर २४ झळकतात, समुपदेशनाला आलेला माणूस सव्वाचार सांगतो, आणि ओळीत उभं केलं तर मधोमध असलेला मुलगा साडेतीनवर असतो. त्या साडेतीन लाखांतही कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारा भाग असं सगळं धरलेलं असतं. महिन्याला हातात काय पडतं ते बंगळूरला पीजीत राहणाऱ्या पोराच्या आईला विचारा. ती घरून कोकमं आणि सुकी सुंगटं पाठवत असते.

आता दुसरी बाजू. नाव म्हणजे थोतांड आहे असं मी म्हटलं, तर ती माझीच लबाडी होईल. तीन वर्षांपूर्वी आम्हाला दोन ट्रेनी इंजिनिअर हवे होते. एचआरनं दोनशेच्या आसपास अर्जांचा ढीग माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझ्याकडे होता अर्धा दिवस, त्यात दुपारी बॉयलरवाले येणार होते. मी काय केलं? कॉलेजांची नावं वाचली. ऐकलेली इकडं, न ऐकलेली तिकडं. वीस मिनिटांत ढीग चाळीसवर आला. ‘तिकडं’ गेलेल्या अर्जांचं पहिलं पानही मी उलटलं नाही. बड्या कंपन्या ठरावीक कॉलेजांच्याच दारात जातात, त्यामागं याहून फार खोल विचार असेल असं मला वाटत नाही. नाव ही वेळ वाचवणारी चाळण आहे. चाळण माझ्या हातात होती तेव्हा ती मला अजिबात अन्यायाची वाटली नाही. दोन वर्षांपूर्वी पोरगा घरी बसला तेव्हा वाटली.

त्याच काळात आमच्याकडे एक मुलगा अप्रेंटिस म्हणून होता, माझ्या ‘तिकडं’च्या ढिगात गेला असता अशा कॉलेजातला. पावसाळ्यात आमच्या एका कंप्रेसरची मोटर पहाटे सुरू करताना अर्थ लीकेजवर, म्हणजे वीज जमिनीत गळते म्हणून, ट्रिप व्हायची, दुपारी मात्र बिनतक्रार चालायची. दोन दिवस आम्ही केबल बदल, रिले बदल असं करत होतो. तो मागं उभा राहून बघत होता. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाला, “सर, रात्री शेड बंद असते ना? मेगर पहाटेच मारून बघूया काय?” पहाटे साडेपाचला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला, काटा शून्याला टेकायला आलेला, म्हणजे इन्सुलेशन जवळजवळ नाहीच. टर्मिनल बॉक्स उघडला तर गॅस्केट फाटलेली आणि आत रात्रीच्या दमट हवेचे थेंब जमलेले. मी विचारलं, हे कुठं शिकलास? म्हणाला, “आमच्या लॅबमध्ये एकच मोठी मोटर, ती पण जळकी. सरांनी आमच्याकडून तीनदा खोलून घेतली.” नावानं निवडलेले दोघेही चांगलेच होते, हेही सांगतो. त्यातला एक आठ महिन्यांत बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये गेला.

फर्मागुडीची टेकडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आपलं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६७ पासूनचं. २०१० मध्ये एनआयटीचे वर्ग त्याच आवारात सुरू झाले आणि २०१६ मध्ये आयआयटीचेही. एनआयटीच्या कुंकळ्ळीच्या संकुलाचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. तोवर काही वर्षं तिन्ही नावं एका टेकडीवर नांदली. पाऊस एक, चढ एक, परीक्षेआधी नारळ ठेवायला गोपाळ गणपतीही तोच. लग्नात कोणी विचारलं, “चली खंय शिकता?” (मुलगी कुठं शिकते?) आणि “फर्मागुडीला” म्हटलं, की लगेच पुढचा प्रश्न यायचा, “तिथं कशात?” त्या उत्तरावर समोरच्याचा चेहरा ठरायचा.

टेकडी तीच असेल तर फरक कशाचा? एक, आत कोण शिरतं त्याचा. दोन, दारात कुठल्या कंपन्या येतात त्याचा. शिक्षकांचा आणि प्रयोगशाळांचाही असेलच, पण तो वाटा किती, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जी मुलं जेईईतच पुढं होती ती चार वर्षांनीही पुढंच असणार, मग त्यात कॉलेजचं काम किती आणि मुलाचं स्वतःचं किती?

अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हाच गुंता सोडवायचा प्रयत्न केला होता. त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेली मुलं त्यांनी घेतली. ज्यांना सारख्याच तोलाच्या कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता, पण ज्यांतली काही बड्या नावाकडे गेली आणि काही साध्या कॉलेजात, अशांची पुढची कमाई ताडून पाहिली. सरासरीनं फारसा फरक निघाला नाही. एक अपवाद मात्र ठळक होता: गरीब घरच्या मुलांना बड्या कॉलेजाचा फायदा झाला. नंतरच्या अभ्यासात आईवडील फार न शिकलेल्या मुलांच्या बाबतीतही तेच दिसलं.

हा अपवाद वाचून मी बराच वेळ थांबलो. म्हणजे पणजीतल्या डॉक्टरच्या मुलाला नावाची गरज कमी, कारण त्याच्या बापाचा फोन आहे. सत्तरी तालुक्यातल्या काजूवाल्याच्या पोराला ती जास्त, कारण त्याच्यासाठी फोन करणारं कोणी नाही, अर्जावरचं नावच काय ते बोलणार. आणि कुठलं नाव खरंच बोलतं आणि कुठलं नुसतंच गेटावर मोठ्या अक्षरांत आहे, हे ओळखायची सोय नेमकी त्याच पोराकडे नसते. माझा मुलगा मेंटेनन्सवाल्याचा मुलगा म्हणून सुटला.

तुम्ही म्हणाल, एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, आहे की. आहे. २०१६ पासून दर वर्षी यादी येते आणि आम्ही पालक तिच्यातला क्रमांक बारावीच्या टक्क्यांसारखा वाचतो. पण त्या शंभर गुणांत शिकवणं आणि साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, पदवीधरांच्या निकालाला २०, सर्वांना सामावून घेण्याला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० असा वाटा आहे. संशोधन वाईट नव्हे. पण मी कर्ज काढतो ते पोरीच्या पुढच्या आयुष्यासाठी, आणि तो हिशेब त्या शंभरात पाचवा हिस्सा. त्यात नावाला पुन्हा नावाचेच दहा गुण!

तरी एनआयआरएफचा मी ऋणी आहे, कारण धाकटीला हवं होतं त्यातलं बरंचसं तिथंच सापडलं. कॉलेजं जो तक्ता भरून देतात त्यात किती जणांना प्रवेश दिला, त्यांतले किती ठरल्या मुदतीत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती आणि किती जण पुढं शिकायला गेले, हे वर्षवार असतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर तो ठेवावा लागतो. ठेवलेलाही असतो, सहा क्लिकांनंतर, वाकड्या स्कॅनमध्ये. दोन अडचणी उरतात. माहिती कॉलेजनं स्वतः भरलेली असते. आणि चार वर्षांच्या पदवीच्या सगळ्या शाखा एकाच ओळीत असतात. म्हणजे पुन्हा तेच: “सर, तुम्ही ओव्हरऑल बघा.” कंप्युटरच्या जोरावर सिव्हिलची बेरीज पास होते. फाटकावरचा ‘नॅक’चा, म्हणजे दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेचा, फलकही अख्ख्या संस्थेचा असतो. शाखेपुरती मान्यता बघायची तर एनबीएची, म्हणजे एकेक अभ्यासक्रम तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, आणि ती विचारणारा पालक मला अजून भेटलेला नाही.

शाखेचं एवढं का लावून धरतो, ते आमच्या तालुक्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. फर्मागुडीला मायनिंगची शाखा आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोलीत प्रत्येक दुसऱ्या घरासमोर ट्रक उभा असायचा आणि मायनिंग म्हणजे घराजवळची पक्की नोकरी असं सगळे धरून चालायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. ट्रकांवर वेली चढल्या. अशा वेळी अधल्यामधल्या वर्षाला असलेल्या मुलानं काय करायचं? म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, निदान पाच वर्षांचे हवेत. आज सगळे कंप्युटरकडे धावताहेत. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशातल्या नियामक संस्थेनं, २०२४ मध्ये चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, त्यामुळं त्यांतल्या ज्याला जागा वाढवायच्या तो वाढवणार. वाढलेल्या वर्गातल्या शेवटच्या वीस जणांचं काय होतं, ते चार वर्षांनी कोण मोजणार आहे?

तर ते पान. व्यावसायिक पदवीचा तुमचा प्रॉस्पेक्टस निघतो त्यात जागा किती, फी किती, राखीव किती, कागदपत्रं कोणती, सगळं असतं. त्यात प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेसमोर एक ओळ छापा. किती जण आत आले, किती चार वर्षांत बाहेर पडले. पदवीनंतर वर्षभरानं किती जण आपल्या विषयातल्या कामाला, किती दुसऱ्या कामाला, किती पुढं शिकायला, किती घरी, आणि किती जणांचा पत्ताच नाही. हा शेवटचा रकाना वगळायला कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका. सगळ्यात जास्त तोच बोलतो. पगार मधला छापा, सर्वोच्च नको. तीन वर्षांनंतर पुन्हा एकदा विचारा, कारण पहिली नोकरी फसवी असते, दोन्ही बाजूंनी. आणि हे सगळं इंग्रजीबरोबर मराठीत आणि कोंकणीतही असू द्या. फी भरणारा बाप कुठल्या भाषेत हिशेब करतो ते तुम्हाला माहीत आहे.

लहान कॉलेजं ओरडतील, की आमच्याकडे कमी गुणांचीच मुलं येतात, आमची तुलना फर्मागुडीशी कशी करता? बरोबर आहे त्यांचं. म्हणून त्याच ओळीत आत आलेल्या मुलांचे प्रवेशाच्या वेळचे गुणही छापा. मग कमी गुणांची मुलं घेऊन त्यांना उभं करणारं कॉलेज कोणतं, तेही दिसेल. जळक्या मोटरवाल्या त्या सरांना कुठल्याच यादीत गुण नाहीत. निदान या ओळीत ते कुठंतरी उमटतील.

आकडे कॉलेजंच देणार, मग खरे कशावरून? त्यासाठी मोठी समिती नको. प्रत्येक यादीतली दहा नावं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि तुमच्या कचेरीतल्या एका माणसानं फोन लावायचे. आमच्या धाकटीनं ५८ जणांचं काम दोन आठवड्यांत केलं, तेही बारावीच्या सुट्टीत, दादाच्या मोबाइलवरून. अमेरिकेचं शिक्षण खातं २०१५ पासून कॉलेजवार कमाईचे आकडे प्रसिद्ध करतं, कराच्या नोंदींवरून. पुढं शाखावारही देऊ लागलं. तेवढं आपल्याला जमायला वेळ लागेल. पण गोव्यात अभियांत्रिकीची कॉलेजं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात. एवढ्या लहान राज्यात जमणार नाही तर कुठं जमणार?

आणि एक, जमल्यास. कॉलेज मुलांना कारखान्यात किती आठवडे पाठवतं, तेही त्या ओळीत येऊ द्या. झुआरीनगरच्या बिट्समध्ये प्रॅक्टिस स्कूल म्हणून मुलं अख्खं सत्र कंपनीत काढतात. तिथली फी माझ्या आवाक्यातली नाही, पण ही एक गोष्ट उचलायला फी लागत नाही. कुंडई, वेर्णा, मडकई, सगळीकडं शेडी आहेत. आमच्या कंपनीत चार जणांची सोय मी स्वतः बघतो.

धाकटीचं अजून ठरलेलं नाही. इलेक्ट्रिकल हवं एवढं नक्की. दोन कॉलेजांच्या प्लेसमेंट ऑफिसात तिनं स्वतः फोन करून शाखेचा आकडा मागितला. एका ठिकाणी “मेल करा” म्हणाले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी लाइन न तोडता रजिस्टर काढून वाचून दाखवलं. आकडा मोठा नव्हता. धाकटीनं त्या कॉलेजपुढं चांदणी काढली आहे. मेव्हणा यायचा आहे, त्याला अजून दाखवलेली नाही.

वहीची झेरॉक्स सोबत जोडतो. मुलांची नावं काढून टाकली आहेत, नुसते क्रमांक ठेवलेत. १४ रकाने रिकामे होते. काल रात्री त्यातला एक भरला: पोरगा होंड्याला वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. झेरॉक्स आधी काढली होती, म्हणून तो पेननं लिहिला आहे. आता तेरा राहिले.

आपला,
एक पालक
डिचोली